पोपट, बिबडे आणि शेजाऱ्यांच्या चपला

आमच्या पोपटाला चार पाय होते आणि तो भुंकायचा.

यात आमचा काही दोष नाही. माझ्या मुलीला, मिनीला, पोपट हवा होता. माझे वडील, म्हणजे आबा, "आणतो" असं तिला कबूल करून साक्रीच्या बाजाराला गेले आणि परत आले ते पिशवीत तांबूस रंगाचं कुत्र्याचं पिल्लू घेऊन. पोपटाला पिंजरा लागतो आणि तो घराची राखण करत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मिनीने दोन मिनिटं विचार केला आणि पिल्लाचं नाव पोपट ठेवलं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं मी जळगावातल्या आमच्या कॉलनीत रस्त्यावर उभा राहून "पोपट, इकडे ये! पोपट, खाली बस!" असं ओरडत असे, आणि नवीन आलेले भाडेकरू आपापली मुलं घरात बोलावून घेत.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी सरकारी कचेरीत कारकून होतो, आबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते आणि पोपट सहा महिन्यांचा होता. त्याला व्यसन एकच, चपला. एक दिवस त्याने माझ्या नव्या जोडातली डावी चप्पल चावून चावून तिचा चोथा केला. मी उजवी उचलली आणि तिनेच त्याला मारलं. (त्या क्षणी मला तो फार समतोल न्याय वाटला होता!)

पोपट ओरडला नाही. तो जमिनीला चिकटला, त्याने तिथेच मुतून टाकलं आणि सरपटत खाटेखाली गेला. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जायला बूट घालायला वाकलो, तर तो अंगणात पळाला. मिनी माझ्याशी बोलणार नव्हती आणि हे तिने मला आईमार्फत कळवलं. माझी बायको सुनंदा एवढंच म्हणाली, "तो सहा महिन्यांचा आहे. तुम्ही चौतीस वर्षांचे."

जंताच्या औषधाचं निमित्त करून मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे. माझा हात जवळ आला की पोपट अंग चोरतो, हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "मारता?"

"कधीतरी," मी म्हणालो.

"मग तो काय शिकतो?"

"चौकशी करून कळवतो," मी म्हणालो. सरकारी नोकरीत हेच उत्तर तोंडात बसलेलं असतं. मग त्यांनीच समजावून सांगितलं. मारल्यावर कुत्रं एवढंच शिकतं की हा माणूस धोक्याचा आहे. चप्पल वाईट की चावणं वाईट, हे त्याला कळत नाही. त्याच्याकडून जे हवं ते त्याने केलं रे केलं की त्याच क्षणी तोंडात आवडीचा तुकडा द्यायचा. चप्पल सोडली, दिला तुकडा. बस.

मी घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन. रात्री जेवायच्या आत एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिले आणि पडवीच्या भिंतीवर टांगले. त्यातला तिसरा नियम असा होता: 'पोपटाने चप्पल आणून सोडली की ताबडतोब खाऊ द्यावा. उशीर करू नये. रागावू नये. प्रश्न विचारू नयेत.'

खाऊ कोणता, हा प्रश्न पोपटानेच सोडवला. भाकरी त्याने हुंगून सोडली, बिस्किटाकडे पाहिलं नाही. भाजलेला बिबडा मात्र मी कडकन मोडला आणि तो माझ्यासमोर असा ताठ बसला की जणू त्याचा फोटो काढायचाय. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे तीळ लावलेले पापड. उन्हाळ्यात वर्षभराचे करून ठेवतात. आमचे सुनंदाच्या आईने करून पाठवलेले होते, आणि त्या डब्याला सुनंदा आल्यागेल्यालाही सहसा हात लावू देत नसे.

"कुत्राले बिबडा आनि मले कळनानी भाकर," ताटातल्या ज्वारी-उडदाच्या भाकरीकडे बोट दाखवत आबा म्हणाले. "बरं शे." कुत्र्याला आणि पोराला काठीचा धाक हवा, हे त्यांचं मत होतं. (पोरावर त्यांनी ते अमलात आणलेलं होतं.)

पण काय सांगू, पंधरा दिवसांत पोपट बसायला शिकला, थांबायला शिकला, पंजा द्यायला शिकला. माझा हात जवळ आला तर अंग चोरायच्या ऐवजी डोकं पुढे करायला लागला. त्या दिवशी मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण डोळे ओले झालेले मिनीला दिसायला नको होते. आबाही विरघळले. वर्तमानपत्र वाचताना त्यांचा एक पाय पोपटाच्या पाठीवर असायचा आणि ते आम्हाला दिसलं की ते पाय काढून घ्यायचे.

आणि चपला? चप्पल तोंडात धरायची, माझ्यासमोर आणून सोडायची आणि बसायचं, हे तर त्याला इतकं छान जमलं की दिवसातून दहादा तो ते करून दाखवायचा. मी आनंदाने बिबडा द्यायचो. पूर्वी तो चपला चावायचा, आता स्वतःहून जमा करतो, ही केवढी प्रगती, असं मी कचेरीत तीन टेबलांवर सांगितलं. सुनंदा म्हणाली, अहो, पण तो मुळात चपला उचलतोय कशाला? मी तिला म्हणालो की तुला यातलं शास्त्र कळायचं नाही.

अशातच शेजारच्या जवरीशेठांच्या घरी पारणं आलं. शेठांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या आईला सगळी कॉलनी माजी म्हणायची. माजींनी पर्युषणात आठ दिवसांचा उपवास केला होता आणि तो सोडण्याचा समारंभ रविवारी सकाळी होता. जळगावची, पाचोऱ्याची, धुळ्याची मिळून पाऊणशे माणसं आली होती. साहजिकच फाटकाच्या आत, अंगणात, दीडशे पादत्राणं होती.

आम्ही सगळे गेलो. आबांना नुकताच ताप येऊन गेला होता म्हणून ते घरी थांबले, पडवीत. पोपट त्यांच्या सोबतीला.

आत माझी गाठ धुळ्याच्या एका गृहस्थांशी पडली. त्यांच्याकडे मोठा राखणीचा कुत्रा होता आणि तो कुणाचंच ऐकत नव्हता. झालं! मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. प्रेमाने कसं सगळं साधतं, काठी कशी निरुपयोगी, क्षण कसा पकडायचा, हे मी शिऱ्याच्या दोन वाट्या होईपर्यंत सांगत होतो. आजूबाजूला पाच-सहा जण जमले. आयुष्यात माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

मग मंडळी हातात एकेक लाडवाची पुडी घेऊन निघाली, आणि अंगणातून गलका ऐकू आला.

प्रत्येकाची एकेक चप्पल होती. दुसरी नव्हती. पोपटाचं तोंड लहान, त्यात एका वेळी एकच मावायची, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? पाचोऱ्याचे एक काका एका पायात मोजडी घालून दुसऱ्या पायाची शोधत लंगडत होते. बायका एकेक सँडल हातात धरून उभ्या होत्या. जवरीशेठ ओशाळून सगळ्यांची माफी मागत होते. मी पुढाकार घेतला. हे एखाद्या सराईत टोळीचं काम दिसतं, असं मी मोठ्याने म्हणालो.

तेवढ्यात फाटकातून पोपट आला. त्याला गर्दीची पर्वा नव्हती. त्याने एक काळी मोजडी निवडली, तोंडात धरली, आणि परत जाताना त्याला मी दिसलो. तो वळला. पाऊणशे माणसांमधून सरळ माझ्याकडे आला, मोजडी माझ्या पायाशी ठेवली, आणि बसला. इतका सुंदर तो कधीच बसला नव्हता.

मोजडी पाचोऱ्याच्या काकांच्या भावाची होती. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. आणि खोटं कशाला बोलू, माझाही हात वर गेला. पाऊणशे लोकांत अब्रू वाचवायची तर तो एकच मार्ग दिसत होता. पोपटाचे कान मागे पडले. पोट जमिनीला टेकायला लागलं. त्या खाटेखालच्या दिवसासारखं.

माझा हात तसाच राहिला. मग मी खाली बसलो, पुडी सोडली, लाडवाचा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडात दिला. वर बघायचा धीर होत नव्हता.

आधी हसल्या त्या माजी. आठ दिवसांच्या उपवासाने त्यांच्या अंगात हसण्याइतकीही शक्ती नव्हती, पण त्या दाराला धरून हसत होत्या. काठीवाल्यांना त्या म्हणाल्या, "आज माझं पारणं आहे. माझ्या दारात मुक्या जिवाला मार नको." मग जवरीशेठ हसले, मग सगळेच.

वरात आमच्या घरी गेली. पडवीत आबा खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर चपला, बूट, सँडल, मोजड्या फलाटावर पार्सलं लावावीत तशा ओळीत लावलेल्या होत्या. शेजारी बिबड्यांचा डबा. रिकामा.

मी विचारलं, आबा, तुम्ही त्याला थांबवलं का नाही? आबांनी भिंतीकडे बोट केलं. "नियम तुनाच शे. इचारानं नही आसं लिखेल शे."

सुनंदा डब्यात बघत होती. मी तिच्याकडे बघत नव्हतो.

लोक चपलांवर तुटून पडणार, तर आबांनी हात आडवा घातला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सामान कधी चुकीच्या माणसाला दिलं नव्हतं. "दुसरी दाखाडा, मंग ही लई जा," असं म्हणून त्यांनी पाचोऱ्याच्या काकांसकट सगळ्यांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाची जोडी जुळवून पाहिली आणि मगच सोडलं. अर्ध्या तासात सगळा माल ज्याचा त्याला मिळाला. एकही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, कुत्रा अगदी बरोबर शिकलाय. तुम्ही चप्पल आणण्याचा खाऊ दिलात, त्याने चपला आणल्या. आता चप्पल समोर असून तो तिला तोंड लावत नाही, तेव्हा द्या. महिनाभर आम्ही तेच केलं. (भाकरीच्या तुकड्यांवर. बिबड्यांचं नाव काढायची घरात सोय नव्हती.) माजी रोज फाटकाशी मुद्दाम आपली चप्पल काढून ठेवायच्या, पोपट तिच्याकडे पाठ करून बसायचा, आणि त्या त्याला स्वतःच्या हाताने घास द्यायच्या. चपलांची चोरी बंद झाली ती कायमची.

दिवाळीनंतर धुळ्याच्या त्या गृहस्थांचं पत्र आलं. त्यांना आमची पद्धत फार पटली होती. त्यांच्या कुत्र्याला चार दिवस वळण लावायचं आहे, जीप पाठवतो, असं त्यांनी लिहिलं होतं. मी कचेरीत रजेचा अर्ज टाकला, इस्त्रीचा शर्ट बॅगेत भरला. मग सुनंदाने पत्राची मागची बाजू वाचून दाखवली. तिथे लिहिलं होतं की वडिलांना आणि पोपटाला पाठवावं, आपण कामाच्या व्यापात असाल, आपण नाही आलात तरी चालेल.

जीप आली. आबा पुढे बसले, पोपट मागे. मी बॅग ठेवायला पुढे झालो, तेव्हा ड्रायव्हरने आबांना विचारलं, हे पण बरोबर येणार आहेत का?

"नही," आबा म्हणाले. "हाऊ मना पोऱ्या शे. त्याले शिकाडनं आजून चालू शे."

मी जीपचं दार नीट लावलं, दोन पावलं मागे सरलो आणि पायरीवर गुपचूप बसलो.