तांबड्या शाईचे मंगळवार

मी दर हिवाळ्यात पाठवते ती आवळ्याची सुपारी तुम्हाला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या आईने मागे फोनवर सांगून टाकलं की डबा तसाच भरलेला असतो आणि पाहुणे आले की त्यांच्यापुढे जातो. तरी मी पाठवत राहणार. ती सुपारी आमच्या घरात पहिल्यांदा कोणी आणि कशासाठी केली, हे मात्र तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ते आज क्रमाने लिहिते.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि साताऱ्यात मुलींच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात, नेमणूक कोयनानगरला. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे. तुमची आई पुण्याला हॉस्टेलवर. घरात मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणत. त्यांचं माहेर विट्याजवळच्या खेड्यातलं, शिक्षण चौथीपर्यंत, आणि साताऱ्यात पन्नास वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच राहिलेलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास माझं बिनसलं. घडलं काहीच नव्हतं. सकाळी चहा ठेवायला गॅसपाशी जायचे आणि पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. नळ वाहत राहायचा आणि मी बघत राहायचे. वह्यांचे गठ्ठे तपासायचे पडून राहिले. वीस वर्षांत मी एकही गठ्ठा दुसऱ्या दिवसावर टाकला नव्हता. सांगलीला माझा भाऊ होता. मार्चमध्ये मी माहेरी गेले तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला तिथल्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं की हे नैराश्य आहे, आजार आहे, आणि त्यावर गोळ्या आहेत. सकाळी न्याहारीनंतर एक, रात्री जेवणानंतर एक. उपाशी पोटी घ्यायची नाही. गुण यायला महिना लागेल, त्रास मात्र पहिल्या आठवड्यापासून होईल.

त्रास झाला. तोंडाला अशी कोरड पडे की वर्गात उतारा वाचताना जीभ टाळूला चिकटायची. जवळचं अंधुक दिसे, त्यामुळे हजेरीपट हात लांब करून धरावा लागे. बसल्या जागेवरून उठलं की भोवळ यायची. हात कापायचा. फळ्यावरच्या माझ्या अक्षराचा मला अभिमान होता, मुली ते वहीत गिरवायच्या, आणि आता त्याच ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जायच्या. पोटाच्या तक्रारी तर लिहीत नाही.

घरात ही गोष्ट फक्त तुमच्या आजोबांना माहीत होती. आत्याबाईंना आम्ही बीपीची गोळी म्हणून सांगितलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. मी जेवत नाही, बोलत नाही, हे त्यांना दिसत होतंच. एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या की सोमवार आणि गुरुवार धर, मन थाऱ्यावर येतं. त्या दिवसांत कुणीही काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं. आणि मी जे करते ते नीट करते. पाणी आणि चहा सोडून काही घ्यायचं नाही, आणि उपास दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचा, असं मी ठरवलं. राहता राहिली गोळी. पहिल्या सोमवारी ती नुसत्या चहावर घेतली आणि शिक्षक-खोलीतल्या बेसिनमध्ये सगळं उलटून पडलं. तेव्हापासून त्या दोन दिवशी मी दोन्ही वेळची गोळी घेईनाशी झाले. डॉक्टरांना हे सांगितलं नाही. इंग्रजी घेऊन एमए झालेल्या बाईने सोमवारच्या उपासाचं कारण सांगायचं, याची मला लाज वाटत होती.

मी एक वही घातली होती. रोजची तारीख आणि पुढे चार रकाने: झोप, तोंड, हात, मन. दिवस बरा गेला तर निळ्या शाईत लिहायचं, वाईट गेला तर तांबड्या. घरात कुणाला कळू नये म्हणून सगळं इंग्रजीत. डॉक्टरांना ती वही फार आवडली होती. गोळीला गुण येईना तेव्हा त्यांनी जुलैत मात्रा वाढवली. ऑगस्टमध्ये त्यांनी मला विचारलं की आठवड्यातून दोनदा ही तांबडी शाई का दिसते. मी ताबडतोब उत्तर दिलं की मंगळवारी आणि शुक्रवारी मला पाच तास असतात. त्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं. सप्टेंबरात ते म्हणाले की दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर तीन आठवडे भरती व्हावं लागेल, तिथे दुसरे उपचार करता येतील.

तेव्हाचा सातारा तुम्हाला माहीत नाही. तीन आठवड्यांची रजा म्हणजे दाखला, दाखल्यावर दवाखान्याचं नाव, आणि ते नाव शाळेच्या कचेरीतून निघून संध्याकाळपर्यंत राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खाणाऱ्यांपर्यंत पोहोचलं असतं. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या बाईंच्या वर्गात मुलगी बसवायला किती पालक तयार झाले असते? मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा तयार केला होता. फक्त तारीख घालायची राहिली होती.

मग नवरात्र आलं. आमच्या घरी घट बसतात आणि घरच्या बायका नऊ दिवस उपास करतात. मी नऊही दिवस तसाच कडक धरला, म्हणजे नऊ दिवस गोळी नाही. तिसऱ्या दिवसापासून घाम सुटायला लागला, मळमळ सुरू झाली, झोप गेली. पाचव्या दिवशी शाळेतून दुपारीच घरी आले. सहामाहीचे पेपर पुढ्यात घेतले, एकच उत्तर सहा वेळा वाचलं, आणि त्या पेपरवर डोकं ठेवून रडत बसले.

आत्याबाई आतून आल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही, तसा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पेपर डोळ्यांच्या पाण्यापासून बाजूला सरकवले, आणि त्याखाली माझी वही होती ती उचलली. इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं. इंग्रजी आकडे मात्र शिवणाच्या टेपमुळे पाठ होते. त्यांनी पानं मागे-मागे उलटली, मग उठून खिळ्यावरचं कॅलेंडर काढून आणलं, आणि दोन्ही मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या. बराच वेळ त्यांचं बोट एकदा वहीवर, एकदा कॅलेंडरवर फिरत होतं.

"ही तांबडी शाई कसली गं?"

मी सांगितलं की वाईट दिवसांची.

"समदे मंगळवार आन् शुक्रवार हायत की."

"त्या दिवशी मला पाच तास असतात, आत्याबाई."

"मे महिन्यात कसलं तास?"

मी वही ओढून घेतली. मे महिन्यात शाळा बंद. आणि मे महिन्याच्या पानावर दर मंगळवार, दर शुक्रवार तांबडा. सहा महिने रोज मी त्या वहीत लिहीत होते, सांगलीचे डॉक्टर ती वाचत होते, आणि हे आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं.

"सोमवारी गोळी घेतीस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "आन् आता पाच दिस?" मी पुन्हा मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "मला बी बीपी हाय. माझी गोळी पांढरी, तुजी तांबूस. आन् बीपीच्या गोळीनं मानूस असं झोपंत चालल्यागत चालत न्हाई. कशाची हाय ती, मी इचारणार न्हाई. पर औषध चालतंय का, एवढं मला इचारायला काय झालं हुतं?"

मी म्हटलं, लाज वाटली.

"शिकलेल्या मानसाला लय लाज," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

घट बसलेले असताना त्यांनी वरणभाताचा कुकर लावला. ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि मी खायच्या आधी देवघरात जाऊन उभ्या राहिल्या. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने त्या देवीला म्हणाल्या, "हिचं पाच दिस ऱ्हायलं. ते मी धरते. तिच्याकडं बघू नगंस." परत आल्यावर मला म्हणाल्या की सोमवार-गुरुवारही आता त्याच धरणार. त्यांचे स्वतःचे शनिवार आणि एकादशी होत्याच. वय त्र्याहत्तर.

शनिवारी तुमचे आजोबा आले तेव्हा त्यांनी आत्याबाईंना समजवायचा प्रयत्न केला. या वयात इतके उपास झेपायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. "मला शाळंत जायाचं नसतं," एवढंच उत्तर मिळालं. दसऱ्याला आत्याबाईंनी पुरणपोळी खाल्ली, दुसऱ्या दिवसापासून माझे पाच दिवस धरले, आणि ते बरोबर कोजागरीच्या दुधाने सोडले.

त्या पाच दिवसांतल्या गुरुवारी त्या माझ्याबरोबर सांगलीला आल्या. उपाशीपोटी, एसटीत तीन तास, पदराला वेलदोड्याची पुरचुंडी बांधून. मी काही बोलायच्या आत त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "चूक माझी हाय. उपास मी सांगितला. गोळीचं मी इचारलं न्हाई." डॉक्टरांनी वही मागितली, मे महिना काढला आणि तांबड्या तारखा बोटाने मोजल्या. मग मला थोडं रागावले. पाच दिवस गोळी चुकल्यावर आपल्या मनाने पुन्हा सुरू करायची नसते, फोन करायचा असतो, आणि अचानक बंद तर कधीच करायची नाही. भरतीचं त्यांनी रद्द केलं. मात्रा आहे तीच, एकही दिवस न चुकवता, सहा आठवडे. आत्याबाईंना त्यांनी चहा-बिस्किटं विचारली. त्यांनी उपास सांगितला तेव्हा ते हसले, आणि निघताना जिन्यापर्यंत पोहोचवायला आले. मला ते कधी खुर्चीतून उठून पोहोचवायला आले नव्हते.

दिवाळीनंतर एका मंगळवारी मी वहीत लिहायला बसले आणि निळं पेन उचललं. लिहून झाल्यावर लक्षात आलं.

राजीनामा लिहावा लागला नाही. कोरड मात्र वाढली, कारण आता गोळी रोज पोटात जात होती. बाजारात आवळे आले तसे आत्याबाईंनी ते उकडून, फोडी करून, आलं आणि सैंधव लावून उन्हात वाळवले आणि एका पावडरच्या डब्यात भरून माझ्या पर्समध्ये टाकले. एक फोड दाढेखाली धरली की तोंडाला पाणी सुटे आणि तास निघून जाई. महिन्याभरात शाळेत बोलवा झाली की इंग्रजीच्या बाई सुपारी खातात. मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं आणि आडून आडून व्यसनाविषयी बोलू लागल्या. मी डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यानंतर मला दोन डबे न्यावे लागत.

गोळी सव्वादोन वर्षं चालली. डॉक्टरांनी ती अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड करत सोडवली. शेवटची घेतली त्या रात्री मी आत्याबाईंकडे माझे उपास परत मागितले. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "गुरवार घे. सोमवार आता माझ्या अंगवळणी पडलाय."

तो त्यांनी शेवटच्या वर्षापर्यंत सोडला नाही. मग त्यांचं हृदय थकलं, आणि साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या जेवल्याशिवाय द्यायच्या नाहीत असं बजावलं. पहिल्याच दिवशी मी मऊ भात घेऊन गेले तर त्यांनी तोंड फिरवलं आणि कॅलेंडरकडे बोट केलं. सोमवार होता.

"मी धरलाय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् तुजी गोळी?"

"मला आता गोळी नाही, आत्याबाई."

मग त्या जेवल्या. भातात मीठ कमी आहे म्हणाल्या. तो सोमवार अजून माझ्याकडेच आहे.