याच्या अंगात येते काय?

"याच्या अंगात येते काय?"

नवी सीडी हातात पडली की भाऊंचा पहिला प्रश्न हाच. चित्रं कशी आहेत, मारामारी आहे का, ते सगळं मागून.

तुम्ही दिग्रसचे नसाल तर दचकाल, म्हणून सांगतो. भाऊ देवऋषी नव्हते. कापसाचे दिवस फिरले, कापसातली सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी बसस्टँडमागे टीव्हीवरच्या गेमचं दुकान टाकलं. खेळताना हातातला रिमोट थरथरला, की त्याच्या 'अंगात आलं'. आणि रिमोटवरची अंगठ्याने फिरवायची गोल दांडी म्हणजे 'बोंड'; ती चालू असली की रिमोटवर लाल दिवा लागे. कापसाला भाव उरला नव्हता, पण आमच्या जिभेवर मालकी त्याचीच होती.

जिनिंगमध्ये भाऊ कापसाच्या गठाणींवर मार्का मारायचे. तोच ब्रश, तीच काळी शाई आता सीडीच्या कव्हरांवर चाले. 'बोंड चालते, अंगात येते.' 'लाल दिवा विझवून खेळा, बोंड नाही.' एका बिचाऱ्या गेमवर नुसतं 'मुर्दा'. गठाणीचा जाडजूड ब्रश तो! खाली गेम कोणता, हे ब्रह्मदेवालाही वाचता येत नसे.

"भाऊ, हा गेम कोणता आहे?"

"नाव कायले पाह्यजे तुले? सोयरीक करतं का? अंगात येते, लिवलं ना!"

एका विमानाच्या गेमच्या तर असं अंगात आलं, की शेजारच्या सलूनात वस्तरा घसरून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. "भूकंप!" गिऱ्हाईक ओरडलं. "भूकंप नाही जी," सलूनवाला म्हणाला, "भाऊ सीडी तपासून राह्यले." खोटं वाटतं? मिशी माझी होती.

पण तपासताना भाऊ टीव्हीकडे बघतच नसत. रिमोट दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटत आणि थोड्या वेळाने मान हलवत, "हे नाही."

शेवटी मी विचारलंच. म्हणजे ओरडलो, जिनिंगने त्यांचे कान अर्धे खाल्ले होते. "भाऊ, काय धुंडून राह्यले तुमी?"

"मशीन," भाऊ म्हणाले. "जिनिंगच्या भिंतीले लागून माहं घर. मशीन चाले तं खाटेतून अंगात चढे. बंद पडलं तवापासून डोयाले डोया नाही लागत, बाप्पा. घर लय चूप आहे."

मग यवतमाळ, पुसद, जिथे जाईन तिथून सीड्या आणू लागलो. "हे नाही." "हे तं मच्छर आहे." "हे नाही."

एका दुपारी ट्रकच्या शर्यतीची सीडी लावली. हिरवा दिवा लागला, सगळे ट्रक धूळ उडवत गेले. भाऊंचा जागेवरच, इंजिन चालू.

"भाऊ, दाबा ना! हरून राह्यले तुमी!" बाकावरची गिऱ्हाइकं कल्ला करू लागली.

"हरू दे," भाऊ हळूच म्हणाले. "बंद नको पडू देऊ."

आज भाऊ नाहीत, आणि दुकानाच्या जागी मोबाइलवाला आहे. मला मात्र तिथून जाताना ती दुपारच दिसते. पुढे गेलेले ट्रक चक्कर मारून परत येतात, पुन्हा पुढे जातात. सुरुवातीच्या रेषेवर एकच ट्रक गुरगुरत उभा. भाऊंची मान छातीवर, रिमोट पोटाशी थरथरतोय, आणि टीव्हीपेक्षा मोठ्या आवाजात भाऊ घोरतायत.

सलूनवाला डोकावला, "काय झालं?"

"चूप," बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मशीन चालू आहे."