चैत्रगौरीपुढचा पंखा

हसू नका, पण जयेंद्रगंजातल्या आमच्या गल्लीनं सीमंतिनीबाई इंगळ्यांना आधी चक्क वीजचोर ठरवलं होतं. आणि ठरवण्यात मीच पुढे, कबूल करते. भर दुपारी छतावर, पदर खोचलेला, दातात पेचकस, हातात लाल-काळी वायर! बावन्न वर्षांची बाई अशी दिसल्यावर माणसाला दुसरं काय वाटणार? शेजारच्या सुमनताईंना तर मी छातीठोक सांगितलं, की बाई कटिया टाकून खांबावरची वीज ओढतायत.

अहो, बाई होमवर्क करत होत्या!

सव्वीस वर्षं त्यांनी थाटीपुरच्या मुलींच्या सरकारी शाळेत शिवण शिकवलं. आमच्या शहरातल्या अर्ध्या लष्कर भागातल्या ब्लाउजांचे गळे त्यांच्या शिष्यिणींनी कापलेले. मग वरून हुकूम आला. जमाना बदलला, राज्यात नवे कारखाने येतायत, तर शाळांनीही बदलायला हवं. शिवण बंद. नववीपासून सोलर पॅनल बसवणं आणि दुरुस्त करणं. शिवणाच्या दुसऱ्या बाई तडक रिटायर झाल्या. सीमंतिनीबाई म्हणाल्या, "मी शिकते."

तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला बाकी सगळी पंचविशीतली पोरं. ह्यांना 'अम्माजी' म्हणायची. परीक्षेत अम्माजी दुसऱ्या आल्या, तेव्हा कुठे 'मॅडम' झाल्या. "बाही उलटी लागली तर उसवता येते," त्या सांगायच्या, "इथे प्लस-मायनस उलटं लागलं, की धूर."

पण शाळेत मुलीच येईनात. मुलगी लोकांच्या छतांवर चढणार? आयांनी नाकं मुरडली. तेव्हा बाईंनी आपल्या घरचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू कामाला लावलं. झोपाळ्यातल्या गौरीपुढे एक चिमुकला पंखा ठेवला, छतावरच्या पॅनलवर चालणारा. देवीला वारा घालणारा पंखा बघून बायका खूश. शिक्षण खात्यातले जगदेवराव साहेबही आले. बाईंच्या सासरच्या ओळखीतले, 'वहिनी, वहिनी' करणारे. बायकांत बसायला लाजले, पण दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोर्स चार वर्षं चालणार. बारावीला सर्टिफिकेट, आणि कंपनीवाले शाळेत येऊन मुली निवडणार. माझा शब्द आहे, वहिनी."

भिजवलेल्या हरभऱ्यांनी एकेकीची ओटी भरताना बाईंनी तोच शब्द पुढे दिला. बारा मुली मिळाल्या. समोरच्या विजयाबाईंनी तर शिखाला घराजवळची चांगली शाळा सोडवून थाटीपुरला घातलं.

वर्षभरात शिखा मीटर लावून बिघाड शोधायला लागली. पुढच्या चैत्रात जगदेवराव पुन्हा आले. कैरीची डाळ दोन वाट्या चापली, वर पन्हं प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, आणखी बारा मुली आणा." बाईंनी आणल्या.

जुलैत एका पानाचं पत्र आलं. सोलरचा कोर्स बंद. त्याऐवजी दुकानाच्या काउंटरवर माल विकायचा कोर्स. आधीच्या मुलींनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं, झालेलं वर्ष धरलं जाणार नाही. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि मग तारीख बघितली. फेब्रुवारीची! खाली सही जगदेवरावांची.

म्हणजे चैत्रात डाळ खाताना त्यांना सगळं ठाऊक होतं.

बाई तडक त्यांच्या ऑफिसात गेल्या. "भाऊजी, कोर्स बंद करा. पण मुलींचं एक वर्ष मार्कशीटवर लिहून तरी द्या."

जगदेवरावांनी फाइलीतून डोकं वर काढलं नाही. "देखिए मैडम, वो पॉलिसी थी, वादा थोड़े ही था।"

बाई परत आल्या ते हेच बडबडत. शब्द मराठीत दिला होता मेल्यानं, परत हिंदीत घेतला. वहिनीची मॅडमही केली.

पण आयांच्या दारात काही जगदेवराव गेले नव्हते. विजयाबाईंनी भर गल्लीत ऐकवलं, "आम्ही कुठल्या साहेबाला ओळखत नाही. ओटी भरून शब्द तुम्ही दिलात." सीमंतिनीबाईंना स्वतःलाही तसंच वाटत होतं. चुगलखोर म्हणून माझी ख्याती आहे, पण त्या दिवशी मलासुद्धा कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही.

यंदा चैत्रात बाई चोवीस घरी आमंत्रणाचं कुंकू लावून आल्या. परातभर डाळ केली. पाच वाजत आले, तरी चिटपाखरू नाही. गौर आपली झोपाळ्यात, पुढे पंखा भिरभिरतोय.

आणि शिखाला पुढे घालून विजयाबाई आल्या. डाळ खायला नाही, भांडायला. चपलाही न काढता दारातूनच म्हणाल्या, "हा पंखा तरी खरा आहे का? घरच्या करंटवर चालवत असाल. दोन वर्षं बनवलंत आम्हाला!"

गल्ली बोलली, तेव्हा बाईंनी ऐकून घेतलं होतं. आता मात्र ताडकन उठल्या.

"काय म्हणालात? माझा पंखा खोटा?"

"हो, खोटा!"

"शिखा, जिन्याखाली मेन आहे. पाड खाली."

"मम्मी, देख लेना हाँ, पंखा सही में पॅनलवर आहे," म्हणत शिखा गेली. खटकन आवाज झाला. छताचा पंखा गरगरत थांबला, ट्यूब गेली, फ्रिज हुंदका देऊन गप्प. अर्ध्या मिनिटात दोघी घामानं निथळायला लागल्या. गौरीपुढचा पंखा मात्र भिरभिरतोय तो भिरभिरतोय.

विजयाबाईंनी वाकून वायर बघितली. खिडकीतून ती वर छताकडे गेलेली. पंख्यापुढे हात धरून बघितला. मग चपला काढल्या आणि चटईवर बसल्या.

"पंखा खरा आहे," त्या पुटपुटल्या. "पण कोर्स?"

"कोर्स खोटा निघाला," बाई म्हणाल्या. "मलाही खोटाच दिला होता."

विजयाबाईंनी गुपचूप वाटी पुढे केली. बाईंनी डाळ वाढली. जिन्याखालून शिखा ओरडली, "मॅडम, मेन लावू?"

"इतक्यात नको," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "तुझ्या आईची डाळ संपू दे. तोवर बघू देत तिला पंखा."