न जुळलेला फेरा

भरवेलीच्या दुलीचंदची थोरली संघमित्रा म्हणजे एक नंबरची हट्टी. खाणीच्या कॉलनीतल्या बायका तिच्या आईला, जिजाबाईला, विचारायच्या, "पोरगी नागपूरले नेमकं काय शिकून राह्यली वो?" जिजाबाई म्हणे, "आकडे फिरवते." बायका हसत. हसोत बापड्या, जिजाबाईनं अगदी मुद्द्याचंच सांगितलं होतं.

एक आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्यातून एक वजा करायचा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. शून्यापासून निघालात तर उणे एक येतो, मग परत शून्य, झाला फेरा. बहुतेक आकडे मात्र एकदा सुटले की कधीच फेऱ्यात येत नाहीत. कुठले येतात ते हुडकणं, हेच संघमित्राचं पीएचडीचं काम. तिची सूत्रं याहून अवघड, त्यांत वर्गमुळंही असत, पण रीत हीच.

यंदा तिच्या कॉम्प्युटरला एक लांबलचक फेरा सापडला, आजवर कोणाच्या हाती न लागलेला. गाईड सरांनी लगोलग दोघांच्या नावानं शोधनिबंध एका गणिताच्या नियतकालिकाला पाठवला. बातमी बालाघाटजवळच्या भरवेलीला पोचली आणि तिथल्या बुद्धविहारात सत्कार ठरला.

सत्काराच्या आदल्या दिवशी संघमित्रानं तोच फेरा अपूर्णांकांत, हातानं करायला घेतला आणि तिचं डोकंच सणकलं. छेद फुगतच चालला होता. वरच्या रीतीत एक तृतीयांशाचंही हेच होतं: तीनाचे नऊ, नवाचे एक्क्याऐंशी, आणि एकदा फुगलेला छेद काही केल्या उतरत नाही. आकडा फेऱ्याच्या अगदी जवळ जातो, पण पोचत नाही. कॉम्प्युटर दशांशाचं शेपूट छाटतो, म्हणून त्याला तो पोचल्यासारखा वाटला. आणि त्या यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता तो हिनंच. स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता.

तिनं सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, "इतका बारीक फरक कोण बघतंय? छापून येऊ दे. परत घेतलास, तर प्रबंधावर माझी सही विसर."

संघमित्रानं फोन ठेवला आणि निबंध मागे घेत असल्याचं संपादकांना स्वतःच कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी विहार भरला होता. दुलीचंद इस्त्रीचा शर्ट घालून पुढेच बसला होता. वॉर्डाचे अध्यक्ष धम्मपालकाका शाल उलगडून आले, तशी ती मागे सरली.

"काका, नोका घालू. तो फेरा खोटा निघाला. माही चूक झाली."

काका तिच्या कानाशी लागले. "पोरी, आजच काहून सांगतं? इथं कोनाले समजते त्यातलं?"

"म्हनूनच सांगून राह्यली. ज्याले समजत नाही, त्याच्यासमोर खोटं बोलनं लय सोपं हाय."

दुलीचंदचा चेहरा पडला. त्यानं बसूनच विचारलं, "अन् डिग्री?"

"सर सही देनार नाहीत, बाबा."

"मंग?"

"दुसरा गाईड पाहीन. नाही भेटला त राहू द्या डिग्री. पन तो आकडा पोचत नाही, बाबा. सरांनी सही केली तरी पोचत नाही."