पंक्चरबाईचा बोर्ड

बेट एवढंसं. सकाळी धक्क्यावरून सायकल काढली आणि वाटेत कुणी गप्पांना धरलं नाही, तर माणूस फिरून दुपारी जेवायला परत धक्क्यावर. पण धरतंच कुणीतरी. धक्क्यासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरबाईचं दुकान आहे. लाँचमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना सायकली भाड्याने द्यायच्या आणि परत आल्या की पंक्चरं काढायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. मास्तरांनी तिला चौथीतून काढलं, की तिने मास्तरांना सोडलं, याबद्दल बेटावर दोन मतं आहेत. ती स्वतः दुसरं सांगते.

कामाची तिची एक पद्धत. सायकल कुठे नेली होती हे पाहुणा कधी कबूल करत नाही, हवा आपोआप गेली म्हणतो. म्हणून ती आधी जागा वदवून घेते, मगच ट्यूबला हात लावते. पॅच बसला की शेजारी पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक ब्रशने तारीख आणि जागा लिहिते, सायकल ओळखीच्या माणसाने नेली असेल तर तेही. चढण, दीपगृह, किनारवाट. कुठे काटे वाढले, कुठे काच सांडली, ते तिला यावरून कळतं. निकामी झालेल्या ट्यूबाही टाकायच्या नाहीत, छताला टांगायच्या. नवरा होता तोवर कुरकुरायचा, की या दुकानात ताठ मानेने चालता येत नाही.

यातली किनारवाट म्हणजे बेटावरच्या एकुलत्या बंगल्याच्या कुंपणाखालून समुद्राच्या कडेकडेने खालच्या वस्तीला जाणारी पायवाट. वस्तीत अकरा घरं, त्यातलं एक पंक्चरबाईच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. किनारवाटेने वस्ती वीस मिनिटांवर, टेकडीच्या डांबरी रस्त्याने दीड तासावर. भावोजींना दमा. दोन वर्षांपूर्वी त्यांना खुर्चीत बसवून याच वाटेने धक्क्यावर आणलं, म्हणून लाँच सापडली आणि माणूस वाचला.

बंगलेवाल्याने गेल्या महिन्यात त्या वाटेवर फाटक लावून कुलूप घातलं. ही आपली खाजगी जागा, म्हणाला. नकाशात वाट नव्हतीच. नकाशात नाही ते जमिनीवरही नाही, असं मानणारी माणसं कचेऱ्यांमध्ये बसलेली असतात. पंक्चरबाईने अकरा घरांच्या सह्या घेतल्या, चार वेळा लाँच पकडून कचेरी गाठली आणि तिथल्या कारकुनाचं डोकं इतकं खाल्लं, की शेवटी मोजणीसाहेबांना पाठवायचं ठरलं. नियम सरळ होता. वाट गेली वीस वर्षं लोकांच्या उघड वापरात असेल तर ती सार्वजनिक. नसेल तर फाटक राहणार.

साहेब उतरले तेव्हा बंगलेवाल्याची गाडी धक्क्यावर उभी होती. बेटावर गाड्या दोनच, त्यातली चालती ही एक. पंक्चरबाईने सात नंबरची सायकल गाडीच्या पुढ्यात आडवी लावली.

"गाडीतून बेट दिसत नाही, साहेब. गाडी जिथे जाते तेवढंच दिसतं."

साहेब वाळक्या चणीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी बॅग गाडीत टाकली आणि स्वतः सायकलवर बसले. बंगलेवाल्याच्या ड्रायव्हरला एकट्या बॅगेला फिरवून आणावं लागलं.

फाटकाशी पोचले तर बंगलेवाला हजर. पलीकडे गजांना धरून वस्तीतली माणसं, पुढे अक्का. बंगलेवाल्याने काही वाद घातला नाही. गवतात पडलेली एक फळी उचलून साहेबांपुढे धरली. फळीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलं होतं, 'रस्ता बंद'. तो म्हणाला, की बोर्ड बारा वर्षं वाटेच्या तोंडाशीच होता आणि तो आपण लावलेला नाही, विचारा कुणालाही. मग वीस वर्षं वापर कुठला?

पंक्चरबाईने अक्षर ओळखलं. बारा वर्षांपूर्वी एका हंगामात किनारवाटेच्या काट्यांनी तिच्या दहापैकी सहा सायकली बसवल्या होत्या. त्या रागात तिनेच ही फळी रंगवून ठोकली होती. पाहुणे थोडेफार माघारी फिरले. बेटावरच्या माणसांना मात्र तो बोर्ड म्हणजे तिचा स्वभाव वाटायचा, सूचना नाही. अक्का तेवढी महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती. नंतर पंक्चरबाई तो बोर्ड विसरूनच गेली.

आता वाऱ्याने उडून आला असेल, पोरांनी लिहिलं असेल, अशी चार उत्तरं तिच्या जिभेवर तयार होती. साहेबांनी विचारलं, हा कुणी लावला. गजांपलीकडून अक्का बघत होती.

"मी लावला," पंक्चरबाई म्हणाली. "रस्ता बंद नव्हता. माझ्या सायकली वाचवायला खोटं लिहिलं."

बंगलेवाला हसला. तेव्हा खोटं लिहिलं, तर आज खरं बोलते कशावरून, असं त्याने विचारलं.

एरवी तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

"बरोबर आहे यांचं," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून बेटाने पहिल्यांदा ऐकलं. "माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका, साहेब. ट्यूबा बघा."

मग सगळी वरात परत शेडमध्ये. तिने काठीने छतावरच्या ट्यूबा खाली ओढल्या. धुळीने साहेबांना शिंका आल्या. एकेक वाचत दोन तासांनी किनारवाट लिहिलेल्या एकतीस निघाल्या. सगळ्यांत जुनी एकवीस वर्षांपूर्वीची. शेवटची फाटक लागायच्या आठवडाभर आधीची. मधल्या वर्षांतलं एकही वर्ष कोरडं नव्हतं. बंगलेवाला म्हणाला, परवा बसून रंगवल्या असतील. साहेबांनी एक ट्यूब ताणली, नखाने रंग खरवडला. जुना रंग पिवळा पडून भेगाळला होता, पॅचच्या कडा कडक झाल्या होत्या. असं एका रात्रीत होत नाही.

साहेबांनी विचारलं, बोर्ड असतानाही लोक जात होते का?

"साहेब, माझं कोण ऐकतं?"

अक्का टेकडी चढून धापा टाकत नुकती पोचली होती. ती दारातूनच म्हणाली, "मी तर मुळीच नाही."

नऊ वर्षांपूर्वीच्या एका ट्यूबवर साहेब थांबले. त्यांनी ती मोठ्याने वाचली. किनारवाट, बंगल्याच्या मॅडम. बंगलेवाल्याला तेवढ्यात कुणाला तरी फोन करायचं आठवलं आणि तो बाहेर गेला.

दुपारी कुलूप उघडून साहेबांनी पूर्ण किनारवाट सायकलने पाहिली, टेप लावून रुंदी घेतली. शेवटच्या वळणावर मागचं चाक बसलं. पंक्चरबाईने तिथेच वाटेत बसून पंक्चर काढलं. जागा वदवून घ्यायची गरज नव्हती. अहवालातली ओळ तिने दोनदा वाचून घेतली: वाट सार्वजनिक, फाटक काढावे. साहेब पुराव्यासाठी तीन ट्यूबा बॅगेत घालू लागले, तेव्हा तिने हात पुढे केला.

"पावती द्या."

"फाटक्या ट्यूबांची?"

"कचेरीत गेलेली वस्तू परत येत नाही. पावती द्या."

साहेबांनी दिली.

लाँच सुटल्यावर अक्काने ती फळी आणून शेडच्या दारात आपटली आणि हिचं काय करतेस ते आत्ता कर म्हणाली. पंक्चरबाईने फळी उलटी केली, डबा उघडला, मोठ्या ब्रशने लिहिलं, 'खालची वस्ती, वीस मिनिटं'. मग बारीक ब्रश घेऊन खाली आणखी दोन शब्द लिहिले.

'काटे आहेत.'