रपट्यावरचे ओले दगड

चुना वच्छलानं कालवला आणि खांबांना मी लावला. आमची पोरगी माया मागून येत होती आणि राहिलेल्या जागा दाखवत होती. "बाबा, इथी राह्यलं. इथी बी." शाळेत जाणारी पोरगी, तिला दुसऱ्याच्या चुका लवकर दिसायच्या. पलीकडचा शेवटचा खांब बाकी होता तेवढ्यात बादली संपली.

"राहू द्या तो," वच्छला म्हणाली. "मुलचेऱ्याहून आल्यावर लावू."

तिचं माहेर मुलचेऱ्याकडे. बस नाल्याच्या पलीकडे थांबायची. रस्त्याकडेच्या आमच्या झोपडीवर जाऊन दोघींनी हात धुतले, गाठोडं घेतलं आणि निघाल्या. मी अलीकडे बादली विसळत होतो.

मी बांधकाम खात्यात मैलकुली होतो. मैलकुली म्हणजे रस्त्याचा एक तुकडा ज्याच्या अंगावर दिलेला असतो तो मजूर. खड्डे बुजवायचे, साइडची झुडपं तोडायची, मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या नळ्या, मोकळ्या ठेवायच्या. माझ्या तुकड्यात हा रपटा होता. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. पूर आला की पाणी त्याच्या वरून जातं. रस्त्याची कड कळावी म्हणून दोन्ही बाजूंना दगडी खांब असतात आणि त्यांना चुना. चुन्यात धावड्याचा डिंक घातला की तो पावसानं जात नाही. डिंक वच्छला आणायची, किती घालायचा तेही तीच ठरवायची.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. वर डोंगरात पाऊस झाला असेल, आम्हाला काय माहीत. आधी पाखरं गप झाली. मग नाल्याच्या वळणातून गढूळ पाणी भिंतीसारखं आलं. दोघी रपट्याच्या मधोमध होत्या. मायानं मागं वळून पाहिलं. मग खांबही दिसेनात.

दुसऱ्या दिवशी खाली बांबूच्या बेटात दोघी सापडल्या. पाणी उतरलं तेव्हा रपटा जसाच्या तसा. एकही खांब हलला नव्हता. चुनासुद्धा टिकून होता.

पुढची कामं लोकांनी केली. मी फक्त घरातला बुद्धाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. माझ्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव नाल्यात सोडले होते. त्याच नाल्यानं माझी घरची माणसं नेली. कोणाला काही मागायचं राहिलं नव्हतं.

ड्यूटीवर परतलो त्या पहिल्या सकाळी दाट धुकं होतं. रपट्याच्या तोंडाशी, अगदी साइड पट्टीवर, दगडांची लहानशी रास दिसली. वर हिरव्या डहाळ्या. पानांची टोकं पाण्याकडे. रस्त्यावरचा दगड काढणं माझं कामच. सगळे उचलून नाल्यात टाकले. दगड ओले होते.

दुसऱ्या सकाळी रास पुन्हा तिथंच. कालच्यापेक्षा मोठी. पुन्हा ओली. रस्ता मात्र कोरडा.

मी रोज टाकत गेलो आणि ती रोज वाढत गेली. वाटायचं, टाकलेलेच दगड पाण्यातून वर चढून येतात. एकदा रास न काढता भर दुपारी सागाआड लपून रस्त्याच्या वळणाकडे बघत बसलो. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. मागं टक् असा आवाज झाला, दगडावर दगड ठेवल्यासारखा. वळलो. राशीवर एक दगड जास्त होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. माणूस कुठंच नाही.

एका सकाळी सगळ्यात वर मुठीएवढा दगड होता. एका अंगानं पांढरा. हातात घेऊन वास घेतला. चुना, आणि चुन्यात डिंक. तो मला टाकवला नाही. फडक्यात बांधून झोपडीत नेला. बाकीचे टाकले.

तेवढ्यात ओव्हरसियर साहेब सायकलवर आले.

"लहानू, तुझ्या हद्दीत दगड काऊन दिसून राह्यले?"

"रोज काढतो साहेब. रोज येते."

"कोण ठेवते?"

"दिसत नाई कोणी."

"म्हणजे भूत हाय का?"

"आम्ही भूत मानत नाई, साहेब."

"तू नसशील मानत, भूत तुले मानत असन." स्वतःच हसले, मग माझं तोंड पाहून कामावर आले. "हे पाय, मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन हाय. त्या दिवशी इथी ढीग दिसला तर तुह्यी बदली जिवतीकडं. मी बी काई करू शकणार नाई."

बदली मला नको होती. लोक म्हणायचे, जा बाबा इथून, ही जागा तुला खाईल. पण मायानं शेवटचं जिथं पाहिलं ती जागा सोडून मी जाणार कुठं?

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बाजार होता, म्हणजे माणसं रपट्यावरून परतणार. दुपार कलल्यावर मी मोरीच्या नळीत शिरून बसलो. बऱ्याच वेळानं नाल्यात पाणी चुबुक वाजलं. कोणी बोलत नव्हतं. पलीकडच्या माडिया गोंडांच्या पाड्यातला म्हातारा लालसू आणि त्याची बायको. दोघांनी वाकून नाल्यातून एकेक दगड उचलला, वर चढले आणि राशीजागी ठेवले. मग मागं न बघता रपट्यावरून झपझप निघाले.

मी फावडं घेऊन आडवा झालो. म्हातारी किंचाळली.

"काऊन ठेवता बे दगड? माह्यी नोकरी खाता काय?"

लालसूचे हात जोडलेले होते, ते त्यानं हळूच सोडले. "मैलकुली? तू व्हय? आमी समजलो त्या आल्या."

"कोण त्या?"

"तुझी बाई. तुझी पोरगी." तो बसला, बिडी काढली, पेटेना. "अचानक मेला माणूस जिथं, तिथं जाणारा दगड ठेवते. नाईतर डहाळी. आमचं असंच हाय. एकटं नाई वाटत मंग त्याले. ठेवला दगड. सकाळी गायब. अजून ठेवला, अजून गायब. पाड्यात सगळे भेले. म्हणे त्या दोघी घेत नाई, फेकून राह्यल्या. म्हणून जास्त ठेवले. बोलाचं नाई, दिसाचं नाई, ठेवून पळाचं."

"फेकत मी होतो."

"तू?" तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, घरच्या माणसानं एक तरी ठेवला का?"

 फावडं टेकून रस्त्यातच बसलो. दोघी सापडल्या तेव्हा रडलो नव्हतो. तेव्हा रडलो. म्हातारीनं पाठीवर हात ठेवला आणि संपेपर्यंत काढला नाही.

नंतर मी झोपडीतून फडकं आणून चुन्याचा दगड दाखवला. लालसूनं हात लावला नाही.

"हा आमचा नाई. आमच्या इथी चुना कुठचा?"

मी म्हणतो, पुरानं एखाद्या खांबाचा टवका निघाला असेल. पण त्या संध्याकाळी सगळे खांब हातानं चाचपून पाहिले. टवका कुठंच निघाला नव्हता. यापुढं मला माहीत नाही.

घरी येऊन फोटो सरळ केला. मेणबत्ती लावली. वंदना अर्धीच आली. पुढची माया म्हणायची, मी नुसतं तोंड हलवायचो. अर्धी तर अर्धी. ती म्हटली. काही मागितलं नाही.

सकाळी उजाडता चुना कालवला. डिंक अंदाजानं घातला, थोडा जास्तच झाला. पलीकडचा राहिलेला खांब आधी रंगवला. मग अलीकडे येऊन रात्रीत वाढलेली रास साइड पट्टीच्या बाहेर नीट रचली, वच्छलाच्या नावानं माझा एक दगड ठेवला, त्यावर तो पांढरा ठेवला आणि सगळ्या राशीला चुना फासला.

जीप आली. मोठे साहेब उतरले. ओव्हरसियर साहेबांचा चेहरा राशीहून पांढरा.

"हे काय आहे?"

"गार्ड स्टोन, साहेब," मी म्हणालो. "इथी वळण हाय. पाणी आलं तर दुरून दिसते."

साहेबांनी वळण पाहिलं, रास पाहिली. "बरं आहे. मग एकाच बाजूला का? दुसऱ्या बाजूला पण करून घ्या."

"होय साहेब," ओव्हरसियर म्हणाले आणि जाता जाता माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

सरकारी रस्त्यावर दगडाला चुना लागला की तो सरकारचा होतो. मग त्याला काढायची हिंमत कोणी करत नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो.

जीप गेली. मी नाल्यात उतरलो, पाण्यात हात घातला आणि दुसऱ्या बाजूसाठी पहिला दगड उचलला. तो मायाचा.