घराच्या आतली दर्शनी भिंत

मिस्त्रींच्या घरी येणारा माणूस घरात दोनदा शिरत असे. गल्लीकडचा अरुंद दरवाजा ओलांडला, की एक बिनखिडकीची, ओलसर खोली लागे. तिच्या पलीकडच्या भिंतीत, जिथे साधी आतली चौकट असायला हवी, तिथे भक्कम लाकडी मुख्य दरवाजा होता. शेजारी गज बसवलेली मोठी खिडकी, वर सिमेंटचा छज्जा, घर क्रमांकाची पाटी आणि घंटेचे बटणसुद्धा. छपराखाली छज्जा कशाला, असे नवखा माणूस हमखास विचारी. समोरच्या बैठ्या दुकानातला शिंपी मिस्त्रींचा जुना मित्र, त्याचे उत्तर ठरलेले होते : "घरात पाऊस पडायची वाट बघतायत आमचे मिस्त्री!"

बांधताना मिस्त्रींचा हिशेब चुकला, असे गल्लीत सांगितले जाई. ते खरे नव्हे. शहराच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा गल्लीच्या रुंदीकरणाची रेषा नेमकी त्यांच्या घरातून गेली होती. पुढची खोली रस्त्यात जाणार होती, मागचे घर राहणार होते. मिस्त्री पेशाने गवंडी. रस्ता झाला की मधली भिंत दर्शनी होणार, हे त्यांनी नकाशा पाहताक्षणी ओळखले. ऐन वेळी धावपळ नको म्हणून त्यांनी ती भिंत तेव्हाच जाड केली आणि पुढे जे लागणार ते सारे आधीच बसवून टाकले. "सरकारने छापलंय, म्हणजे होणारच," ते म्हणाले होते. तेव्हा त्यांची मुलगी कडेवर होती.

पुढे हरकती मागवल्या गेल्या, सुनावण्या झाल्या. समिती बदलली, नव्या समितीने पुन्हा हरकती मागवल्या. आराखडा मंजुरीसाठी सरकारकडे गेला, शंका लावून परत आला, दुरुस्त होऊन पुन्हा गेला. मुदतवाढीला मुदतवाढ मिळत राहिली. मुलगी त्या दोन दारांच्या मधल्या खोलीत पोस्टमनचा खेळ खेळली, शिकली, लग्न होऊन सासरी गेली. आता तिची लेक ते बटण दाबून आजीला हैराण करू लागली, तरी रस्त्याचा पत्ता नव्हता.

घरच्यांनी त्या पुढच्या खोलीला "रस्ता" असेच नाव पाडले होते. "चपला रस्त्यात काढ," मिस्त्रींची बायको नातीला सांगे, "छत्री रस्त्यात वाळत टाक." पाडायच्या भिंतीला रंग कशाला, म्हणून त्या खोलीला कधी चुना लागला नाही. नंतर छपराचे पत्रे गंजले, भिंत गल्लीकडे कलू लागली. पण रेषेतल्या बांधकामाच्या दुरुस्तीला परवानगी मिळत नव्हती. मिस्त्रींनी आतून टेकू लावले. मागच्या दोन खोल्यांना तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती खेटलेल्या. उजेड यायचा तो त्या दर्शनी खिडकीतून, आणि ती तर बंद खोलीत उघडत होती. भर दुपारीही दिवा लावावा लागे.

बायकोचा खोकला आधी कुणी मनावर घेतला नाही. मग ती चार पावले चालताना थांबू लागली, मग अंथरुणालाच खिळली. डॉक्टरीणबाई घरी आल्या, भिंतीवरून हात फिरवून ओल पाहिली आणि मिस्त्रींना बाजूला घेतले.

"फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत, काका. औषध चालू ठेवा. पण या अंधारात औषध तरी किती पुरं पडणार? जितके दिवस आहेत, तितके त्यांना ऊन-वारा द्या."

मुलगी आईला आपल्याकडे न्यायला आली, तर आईने मान फिरवली. "तुझ्या चौथ्या मजल्यावर मला कोण उचलून नेणार? माझं मला इथंच बरंय." मिस्त्रींनी तिची खुर्ची गल्लीच्या दारात टाकून पाहिली, पण पहिल्याच दिवशी एका गाडीचा आरसा तिच्या गुडघ्याला घासून गेला.

मग मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून नगररचना कार्यालयात गेले. आजवरच्या प्रत्येक सुनावणीला ते असेच जात, पहिल्या रांगेत बसत आणि बोलावले तरच बोलत. या वेळी त्यांनी पुढच्या भिंतीत एक खिडकी आणि वर नवे पत्रे, एवढेच मागितले. खिडकीवरचा कारकून त्यांना चांगला ओळखत होता.

"काका, तुमचं घर रेषेत आहे."

"रेषा मंजूर झाली का?"

"नाही अजून."

"मग मला भिंतीत खिडकी पाडू द्या."

"मंजूर नसली तरी प्रसिद्ध झालीय ना! प्रसिद्ध झाली म्हणून बांधता येत नाही, आणि मंजूर नाही म्हणून आम्हाला जागा ताब्यात घेता येत नाही."

"म्हणजे ती भिंत तुमचीही नाही अन् माझीही नाही?"

कारकुनाने पेन खाली ठेवले. "तुमची आहे हो. फक्त हात लावू नका. फाइल वर गेलीय. या वर्षात होईल असं म्हणतात."

"हे तुमच्या आधीच्या साहेबांनीही सांगितलं होतं. ते निवृत्त होऊन गेले की."

परतताना ते शिंप्याच्या दुकानात बसले. मुलगीही तिथेच आली. कात्रीचा आवाज थांबला तसे मिस्त्री म्हणाले, "भिंत उतरवतो."

"बाबा, रस्ता आला की मोबदला मिळणार आहे. खोली उभी नसेल तर कशाचा देतील?"

"नाही देणार."

"आणि दंड केला तर?"

"पोरी, तुझ्या आईला खिडकी मी तेव्हाच करून ठेवलीय. तिच्यापुढची भिंत तेवढी काढायची राहिलीय."

शिंप्याने मशीनवर कापड टाकले आणि दुकानाची फळी लावली. "चला. पण मला विटा देताना नीट द्या. माझे हात सुईचे आहेत."

मिस्त्रींनी आधी पत्रे उतरवले, मग पुढच्या खोलीच्या भिंतींची वरच्या थरापासून एकेक वीट सोडवली. तोडफोड त्यांच्या हाताला ठाऊक नव्हती; वीट अखंड निघावी म्हणून छिन्नी सांध्यातच चालवत. कंबर धरली की थांबत, पुन्हा चढत. शिंपी खाली रचत गेला आणि तोंडाने अखंड बडबडत राहिला. काम बरेच दिवस चालले. शेवटचा थर निघाला तेव्हा दुपार होती. शिंप्याच्या बैठ्या छपरावरून ऊन सरळ आत आले, छज्ज्याखालून खिडकीत शिरले आणि अंथरुणावर पडले.

बायकोने हात उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "अहो," ती म्हणाली, "केवढा काळा पडलाय हा गज. रंग द्या की त्याला."

मिस्त्रींनी मान हलवली आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.

गल्ली तिथेच वळत होती, त्यामुळे त्या उघड्या जागेतून लोक वळण वाचवून जाऊ लागले. जाताना खिडकीशी थांबत. भाजीवाली भाव सांगे, बायको तिला तो महाग असल्याचे सांगे. खोकला गेला नव्हता, रात्री धाप लागायचीच. पण दिवसा ती उशीला टेकून बसे आणि माणसांशी बोले. इतकी माणसे तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

तक्रार कुणी केली ते कळले नाही. निरीक्षक आला, मोकळ्या जागेत उभा राहून त्याने फोटो काढले आणि मिस्त्रींना गाठले.

"परवानगीशिवाय पाडलंत. आराखडा मंजूर होईपर्यंत जैसे थे ठेवायचं असतं. भिंत पुन्हा उभी करायचा हुकूम निघू शकतो."

"अहो दादा," खिडकीतून आवाज आला, "तुम्ही माझ्या उन्हात उभे आहात."

निरीक्षक ओशाळून बाजूला झाला. त्याचा स्वर खाली आला. "काकू, मी तरी काय करू? सुनावणीची तारीख दिलीय. काकांनी येऊन बाजू मांडावी. आले नाहीत, तर निकाल एकतर्फी जाईल, भिंतीचा हुकूम निघेल." नोटीस मिस्त्रींच्या हातात देऊन तो निघून गेला.

त्या तारखेला मिस्त्रींनी सकाळीच सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. बायकोला रात्रभर झोप नव्हती. ओठ निळसर दिसत होते. जेवण तिने तसेच परत केले. दुपार कलली.

"आज जायचं होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"मग? पुकारतील तुमचं नाव."

"पुकारू देत," मिस्त्री म्हणाले. "ऊन तुझ्या पायांकडं सरकलंय. मला धर, पलंग थोडा ओढतो."